एका अंड्याची राखण

गार्डचाचा कशाकडंही बोट दाखवत नसत. बाभळीवर एखादा ससाणा येऊन बसला, की ते आधी स्वतः त्या दिशेला तोंड करून गप्प उभे राहत, मग हनुवटी जराशी उचलत. आपण त्या हनुवटीच्या रेषेत बघायचं. पाण्याचा तांब्या कुठं आहे, चिटणीस कुठल्या खोलीत बसलेत, सायकलचा पंप कुणी नेला, सगळं हनुवटीनंच. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचा हात अधू असेल. पण त्याच हातानं ते तंबाखू मळत, सायकलची उतरलेली साखळी चढवत आणि बसल्याबसल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाजा ताणून देत.

ते जंगलखात्यात गार्ड होते. परांड्याच्या बाजूला जंगल म्हणावं असं काही नाही. माळ आहे. कुसळी गवत, मुरूम, बोरी-बाभळी आणि वर मोकळं आभाळ. त्या माळाची राखण करायला सरकारनं एक माणूस आणि एक सायकल दिली होती. मराठवाडा नुकताच महाराष्ट्रात आला होता. चाचांच्या टोपीवरचा बिल्ला बदलला होता, टोपी जुनीच होती.

परांड्याहून सोनारीला जाणाऱ्या रस्त्यावर निजामाच्या वेळचा एक मुसाफिरखाना होता. राज्य गेलं, मुसाफिर थांबेनासे झाले, इमारत ओस पडली. सोनारीला काळभैरवाच्या यात्रेत दरसाल एखाददुसरं म्हातारं माणूस मागं राहायचं. चुकून राहिलेलं नसायचं, ठेवून गेलेलं असायचं. देवळाच्या पायऱ्यांवर माकडांच्या शेजारी बसून ते आठ-आठ दिवस वाट बघायचं. अशा माणसांसाठी तालुक्यातल्या काही व्यापाऱ्यांनी संस्था काढली, मुसाफिरखाना झाडून घेतला आणि दारावर ‘निराधार वृद्ध सेवागृह’ अशी पाटी लावली. लोक त्याला म्हातारखाना म्हणू लागले. मी तिथं स्वयंपाकाला आणि वरकामाला होते.

माझं वय तेव्हा सव्वीस. आदल्या वर्षी पटकीच्या साथीत माझा नवरा आणि तीन वर्षांची मुलगी एका आठवड्यात गेली. मी रडले नाही. रडू दाबलं असंही नाही. आतून काही आलंच नाही. सासरी ते बरं दिसलं नाही. मामांनी संस्थेच्या चिटणिसांच्या कानावर घालून मला इथं लावून दिलं. इथं मला बरं वाटत होतं असं नाही, आणि वाईट वाटत होतं असंही नाही. पीठ मळायचं, भाकरी थापायच्या, अंथरुणं उन्हात टाकायची. कुणी काही सांगितलं की करायचं. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं. दिवस जात होते.

चाचा पहिल्यांदा आले ते पाणी मागायला. उन्हाळा होता. ओट्यावर आमची सगळी माणसं रांगेनं बसली होती, तोंडं रस्त्याकडं. सकाळी एक एस.टी. सोनारीकडं जायची, दुपारी परत यायची. ती आली की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. धुरळा खाली बसला की माना खाली. चाचा पाणी प्यायले, धुरळा खाली बसेपर्यंत ते बघत राहिले आणि मला म्हणाले, “बेटी, ही मंडळी हिकडं का बसत्यात?”

“वाट बघतात,” मी म्हणाले.

“आन् मागच्या अंगाला काय हाय?”

“काही नाही. माळ आहे.”

त्यांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि कुणाला न विचारता एकेक बाज उचलून मागच्या पडवीत नेली. माणसं कुरकुरली. गंगूआत्या नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, तोंडानं फटकळ. त्यांना त्यांच्या भावाच्या मुलांनी यात्रेत सोडलं होतं. त्या बाजेवरून उठेचनात. म्हणाल्या, “मी हितंच बसणार. माझं माणूस आलं तर त्याला दिसाय नको व्हय मी?”

चाचा त्यांच्यापुढं उकिडवे बसले. “आत्या, मी तीन सालं ह्या रस्त्यानं फिरतोय. रस्त्यावरनं कोण बी येत न्हाय. माळावर रोज कोण तरी येतंय.”

हे ऐकून गंगूआत्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “मग बाज नीट धरा. एक पाय मोडका हाय.”

त्या दिवसापासून चाचा दर गुरुवारी येऊ लागले. गुरुवारी त्यांची फेरी दुसऱ्या अंगाला असे, वाकडी वाट करून येत. पडवीच्या कडेला बसत आणि जनावरांच्या गोष्टी काढत. त्यांची रीत अशी, की स्वतः फार सांगायचं नाही, विचारायचं. आमच्यात बिरूतात्या नावाचे एक आंधळे धनगर होते. डोळे होते तोवर त्यांनी सगळा जन्म मेंढरांमागं माळावर काढलेला. चाचांनी त्यांना एकदा लांडग्याबद्दल विचारलं. तात्या उसळले. “लांडग्याला राखायचं म्हणता? माझी किती मेंढरं खाल्ली त्यानं, ठावं हाय?” मग ते सांगत सुटले. लांडगा वाऱ्याच्या कुठल्या अंगानं येतो, जोडी कशी फुटते, एक कुत्र्यांना लांब नेतो आणि दुसरा मागनं घुसतो, मादी कपारीत पिल्लं घालते तेव्हा नर तोंडातून मांस नेऊन कसा देतो. तासभर बोलले. बोलताबोलता त्यांचा आवाज खाली आला. चाचा म्हणाले, “एवढं तुमाला ठावं, आन् मला का सांगाय लावता?” तात्या म्हणाले, “लई हुशार जनावर, गार्डसाहेब. दुश्मन असावा तर तसा.”

गंगूआत्यांनी तर उघडच सांगितलं, की त्यांनी माळढोक खाल्लेला आहे. माळढोक म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा माळावरचा पक्षी. तिकडं कुणी त्याला हूमही म्हणतात, कारण नराचा आवाज तसा घुमतो. त्या म्हणाल्या, “लगनात शिजवला व्हता. लई ग्वाड लागतंय.” चिटणीस तिथं होते, ते अवघडले. चाचा हसले. “मी बी खाल्लाय, आत्या. पर आता ती चव कुणाला सांगू नका. आता माळभर मिळून चार-दोन ऱ्हायलेत.”

दुसऱ्या एका गुरुवारी ते म्हणाले, “सरकारी कागदात ह्या माळाला काय म्हणतात, ठावं हाय? पडीक.”

“मंग आमी बी पडीकच की,” बिरूतात्या म्हणाले आणि सगळी पडवी हसली. त्या इमारतीत मी ऐकलेलं ते पहिलं हसू. मी भांडी घासत होते. हसणं ऐकून मी वर बघितलं आणि परत भांडी घासू लागले.

चाचांचा कप वेगळा होता, कान तुटलेला. गंगूआत्यांनीच तो वेगळा ठेवायला लावला होता. पहिल्या पावसाळ्याच्या आधीच केव्हातरी त्यांनी स्वतःच्या पेल्यात चहा ओतून चाचांच्या पुढं सरकवला. तुटका कप मी राख ठेवायला घेतला.

चिटणिसांना हे गुरुवार फारसे पसंत नव्हते. त्यांचं म्हणणं, या वयात माणसांनी नामस्मरण करावं, लांडग्या-कोल्ह्यांचं काय घेऊन बसायचं. पण माणसं जेवू लागली होती, औषधाला नाही म्हणत नव्हती. त्यामुळं ते गप्प राहिले.

आषाढात गंगूआत्यांनी एक दिवस सकाळी चाचांसाठी निरोप धाडला. त्यांची नजर त्या वयातही घारीसारखी होती. माळढोकाची एक मादी सलग तीन दिवस एकाच जागी येऊन बसत होती, दोन बोरींच्या मध्ये, पिवळ्या दगडाच्या अलीकडं. चाचा आले, दुपारभर पडवीतून बघत राहिले. मादी चरायला उठली तेव्हा ते पोटावर सरपटत जाऊन आले. कपडे चिखलानं भरलेले. तोंडावर असं हसू, की ते मला ओळखू येईनात.

“एक अंडं हाय,” ते म्हणाले. “एकच घालतंय ते. उघड्या जमिनीवर, ना काडी ना घरटं. महिनाभर तिनं बसायचं. मेंढराचा पाय पडला, खलास. कुत्रं आलं, खलास. माझ्याकडं माणूस न्हाय. तुमी राखता का?”

“आमी?” बिरूतात्या म्हणाले. “आमाला उठाय येत न्हाय, मला दिसत न्हाय.”

“उठायचं न्हायच. नुसतं बसायचं. बसण्यात तुमच्यासारखं कोण हाय सगळ्या तालुक्यात?”

अशी ती राखण सुरू झाली. माणसं पाळीपाळीनं घोंगडी पांघरून पडवीत बसत. गवत कापणाऱ्या बायका दिसल्या, की गंगूआत्या अशा ओरडत की त्या दुसऱ्या अंगाला निघून जात. मेंढ्यांचा कळप येताना बिरूतात्यांना लांबूनच ऐकू यायचा. मग ते उभे राहून धनगरी हाळी देत आणि पोरसवदा मेंढके कळप वळवून घेत. आंधळ्या म्हाताऱ्याची हाळी ती, मोडायची कशी? एका दुपारी पाऊस असा कोसळला की दोन बोरीही दिसेनात. सगळी माणसं न जेवता बसून राहिली. पाऊस उघडला तेव्हा मादी तिथंच होती, पंख पसरून. गंगूआत्या म्हणाल्या, “भिजली बिचारी. पर हालली न्हाय.” मी त्यांना जेवायला वाढलं. भाकरी गार झाली होती.

मला वाटतं, ते बावीस-तेवीस दिवस त्या माणसांच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मी त्यात नव्हते. मी चहा द्यायची.

त्या बुधवारी जेवणं झाली होती. बहुतेक जण आत पडले होते. गंगूआत्या तंबाखू आणायला आत गेल्या होत्या. पडवीत बिरूतात्या होते आणि खाली दगडावर मी भांडी घासत होते. घराला वळसा घालून एक जीप मागच्या अंगाला आली. पुढं चिटणीस बसले होते. मागं तिघं जण, बंदुका घेऊन. कुणा मोठ्या साहेबांचे पाहुणे होते, शहरातले. त्यातला एक खाली उतरला. चांगला सभ्य दिसत होता. बोलायलाही सभ्य.

“इथं माळढोक बसतो म्हणे. कुठं?”

बिरूतात्या लगेच म्हणाले, “हितं काय बी न्हाय साहेब. सशाबिगर काय बी न्हाय.”

तो माझ्याकडं वळला. “बाई, तुम्ही सांगा. कुठं बसतो?”

मी राखेनं भरलेला हात उचलला. “त्या दोन बोरींच्या मध्ये,” मी म्हणाले. “पिवळ्या दगडाच्या अलीकडं.”

मला भीती वाटली नव्हती. चिटणिसांचा धाक नव्हता, कुणी काही देईल अशी आशा नव्हती. त्यानं विचारलं, मी सांगितलं. पुढं कित्येकदा मी त्या क्षणात काहीतरी कारण शोधलं. दुसरं काही सापडलं नाही.

बिरूतात्या उठले. काठी घेऊन माळात शिरले आणि हाळी देत धावू लागले, मादी उडून जावी म्हणून. आंधळा माणूस धावत होता. दगडाला ठेचकाळून पडला, उठला, परत धावला. मादी उठली. तो पक्षी जड असतो, चार पावलं धावून मग उडतो. ती जमिनीपासून थोडी वर आली आणि बंदूक वाजली.

आतली माणसं बाहेर आली. कुणी काठीवर, कुणी भिंत धरून. त्यांनी जीपकडं बघितलं नाही. ती सगळी हळूहळू चालत दोन बोरींपर्यंत गेली आणि अंड्याभोवती उभी राहिली. गंगूआत्या सगळ्यात पुढं. पाहुण्यानं मादी पायांना धरून उचलली, जीपमध्ये टाकली आणि चिटणिसांना विचारलं, “हे लोक काय करतायत?”

“म्हातारी माणसं आहेत,” चिटणीस म्हणाले.

जीप गेली. मी राहिलेली भांडी घासली.

चाचा दुसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या वेळेला आले. गुरुवारच होता. बिरूतात्यांच्या कपाळाला फडकं बांधलेलं. ते म्हणाले, “म्या मारली तिला. म्या हाळी दिली म्हणून ती उडाली.”

“बसलेली असती तरी मारलीच असती,” चाचा म्हणाले. मग त्यांनी बोरींकडं बघितलं. “जागा कुणी दाखवली?”

सगळ्यांना माहीत होतं. बिरूतात्यांनी माझा आवाज ऐकला होता, संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं. एकानंही माझं नाव घेतलं नाही. गंगूआत्यांनी तर तोंड फिरवून घेतलं.

“मी,” मी म्हणाले.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ते ओरडतील, आणि ते ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. ते पडवीच्या कडेला बसले. स्वतःचा उजवा हात मांडीवर उलटा ठेवून त्याच्याकडं बघत बोलू लागले.

“माझा बाप जहागीरदाराच्या शिकारीत वाटाड्या व्हता. मंग मी झालो. वीस सालं. पुढं मी चालायचो. काळवीट कुठं उभं हाय, मादी कुठं व्यालीय, मला बरोबर दिसायचं. मी बोट करायचो. बस्स, तेवढंच माझं काम. एकदा एका दिवसात एवढी हरणं पडली की उचलाय गाड्या कमी पडल्या. त्यातली एक मादी मेली नव्हती. ती माझ्याकडं बघत व्हती. बंदूकवाल्याकडं न्हाय, माझ्याकडं. बंदूक त्यांची व्हती बेटी, बोट माझं व्हतं.”

तेव्हा मला कळलं, हनुवटी का ते. पडवीतल्या कुणालाच हे आधी माहीत नव्हतं. चाचा म्हणाले, “मी तुला काय बोलू?”

मी माझा उजवा हात पदरात घेतला. का ते मला कळलं नाही.

मग ते पंचनाम्याला बसले. माळढोक मारायला बंदी होती, निदान कागदावर होती. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार पाहिजे होता. बिरूतात्या आंधळे, बाकीचे तेव्हा आत होते. मी म्हणाले, “मी बघितलंय. मी दाखवलं, तेही लिहा. सही करते.”

“नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ द्या.”

या गोष्टीला पुढं काही लोकांनी हिंमत म्हटलं. तसं काही नव्हतं. मला जाण्याचंही काही वाटत नव्हतं आणि राहण्याचंही, म्हणून ते सोपं गेलं.

अंड्याचं काय करायचं हा प्रश्न होता. ते जप्त करायला हवं होतं. गंगूआत्यांनी ते आदल्या दिवशीच पदरातून आणून, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून, वस्तीवरून आणवलेल्या खुडूक कोंबडीखाली टोपलीत ठेवलं होतं. त्यातून पिल्लू काही निघणार नाही, हे चाचांना दिसत होतं. ते खाली वाकले, कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बघितलं आणि म्हणाले, “कागदावर जप्त लिहितो. राहू द्या आत्याकडं.” आठ दिवस गंगूआत्या टोपलीशेजारी झोपल्या. नवव्या दिवशी वास येऊ लागला. चाचांनी त्या दोन बोरींच्या मध्ये खड्डा केला. माती लोटताना ते काही पुटपुटले. गंगूआत्यांनी वर चिमूटभर हळद टाकली.

चिटणिसांनी मला बोलावून विचारलं, “सही केलीस?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” मी बोचकं बांधलं. पण सकाळी बघते तो सगळी माणसं आपापली बोचकी घेऊन समोरच्या ओट्यावर. गंगूआत्या चिटणिसांना म्हणाल्या, “ती गेली तर आमी बी चाललो. सोनारीच्या पायरीवर बसतो आन् येईल त्याला सांगतो, आमच्या दारात कोण आलं व्हतं आन् संगं कोण बसलं व्हतं.” चिटणिसांनी ओट्यावरची बोचकी बघितली. मग मला म्हणाले, “चूल पेटव.”

पंचनामा वर गेला. तो परत खाली आला नाही. चाचांना दोनदा बोलावून कागद मागं घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, कागद माझा नाही, त्या पक्ष्याचा आहे. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, परांड्याच्या पोस्टमननं सांगितलं. दिवाळीनंतर त्यांची बदली किनवटला झाली. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. बायको आधीच वारलेली, मुलगा हैदराबादकडं. ते एकटेच गेले.

जायच्या दिवशी एस.टी. त्यांनी आमच्या दारात थांबवली. ड्रायव्हर ओळखीचा होता. बिरूतात्यांचे दोन्ही हात हातात घेतले, गंगूआत्यांना वाकून सलाम केला. मला म्हणाले, “बेटी, तुला लिहाय येतंय. ह्यांना काय दिसलं, काय ऐकू आलं, ते मला कळवत जा. तिथं मला करमायचं न्हाय.” मी बरं म्हणाले. कंडक्टरनं घंटा मारली. कुणी हात हलवले नाहीत. आमच्या माणसांना ती सवय नव्हती.

त्यानंतर दर महिन्याला मी चाचांना पत्र लिहिलं. पडवीत बसायचं, एकेकाला विचारायचं, लिहायचं. सात काळविटं, त्यात एक लंगडं. तरसाचा माग. करकोच्यांचा थवा गेला. वैशाखाच्या शेवटी बिरूतात्या म्हणतात, हूम ऐकू आला, पण बाकी कुणाला आला नाही. चाचांची उत्तरं कुणाकडून तरी लिहून घेतलेली असत, चार ओळींची. एकदा त्यांनी कळवलं, ‘इथं झाडी फार आहे. वाघ आहे म्हणतात. पण लांबचं काही दिसत नाही.’ पेन्शन झाल्यावरही ते तिथंच राहिले. का, ते विचारायचं राहिलं.

अशी पाचेक वर्षं गेली. पडवीतली माणसं कमी झाली, नवीन आली. नवीन आलेल्यांना बिरूतात्या माळ समजावून सांगत. एक दिवस पोस्टमननं माझंच पाकीट माझ्या हातात परत दिलं. पत्त्यावर आडवी रेघ मारून निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘घेणार मयत.’

मी पडवीत आले. बिरूतात्यांनी पावलांवरून ओळखलं. “कुणाचं पत्र?”

“आपलंच. परत आलं.”

“का?”

मी सांगितलं. ते काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. माळावर ऊन होतं. नवीन आलेल्या एक आजी म्हणाल्या, “कोण हो, कोण गेलं?” मग बिरूतात्या म्हणाले, “वाच ते. लिवलंय तर कुणी तरी ऐकाय पायजे.”

मी पाकीट फोडलं आणि उभ्यानंच वाचू लागले. चार काळविटं, एक पाडस. खोकडाची जोडी ओढ्याच्या अंगाला. टिटवीनं मुरमात अंडी घातलीत, बिरूतात्यांनी मेंढके वळवले. त्याच्या खाली लिहिलं होतं, ‘गंगूआत्या मागल्या सोमवारी सकाळी गेल्या. मला फार वाईट वाटलं. दोन दिवस भाजीत मीठ घालायचं राहिलं, कुणी काही म्हणालं नाही.’

मी थांबले. हे मी कधी लिहिलं, मला आठवेना. अक्षर माझंच होतं.

“थांबलीस का?” बिरूतात्या म्हणाले. “म्होरं वाच.”

पुढं दोनच ओळी होत्या, चाचांची तब्येत विचारणाऱ्या. त्या वाचायला मला बराच वेळ लागला.